भिंतीला शिफ्ट नसते

सकाळचे पावणेआठ. चाकणजवळच्या खराबवाडीत कंपनीची बस थांबते आणि थर्ड शिफ्ट संपवून आलेली पोरं डोळे चोळत खाली उतरतात. कुणी टपरीवर कटिंग मारायला थांबतं, कुणी थेट खोलीवर जाऊन आडवं होतं. त्यातला एक जण खोलीत जातो, सेफ्टी शूज काढतो, झिजलेले कॅनव्हासचे बूट चढवतो, कॉटखालचा बॉल घेतो आणि इमारतीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर येतो. तिथे सिमेंट ब्लॉकची एक लांबलचक कंपाउंड वॉल आहे. पुढची वीस मिनिटं तिकडून एकच आवाज येत राहतो. धप. धप. धप.

हा माझा मावसभाऊ. वय वीस. आयटीआय करून गेल्या वर्षी चाकणच्या एका कंपनीत ॲप्रेंटिस म्हणून लागला. मूळचा कोल्हापूरचा. आता कोल्हापूर म्हटल्यावर बऱ्याच जणांना तांबडा-पांढरा आठवेल, पण तिथल्या पोरांना विचारा, पहिलं नाव फुटबॉलचं निघेल. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे पेठापेठांतले संघ आणि छत्रपती शाहू स्टेडियमवर त्यांच्या मॅचला होणारी गर्दी, हे सगळं बघतच तो वाढला. स्वतः एका छोट्या मंडळाच्या संघात खेळायचा. मिडफिल्डला. ‘बरा खेळायचा’ हे मी नाही, त्याच्या विरुद्ध खेळलेली पोरं सांगतात.

मग तो चाकणला आला आणि खेळ सुटला. सुटला म्हणजे कुणी सोडवला नाही. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. खोलीत पाच जण, पाचही वेगवेगळ्या वेळेला झोपतात. ज्या दिवशी याला सुट्टी, त्या दिवशी दुसऱ्याची ड्युटी. बावीस जण सोडा, पाच-पाचची टीम जमवायची तरी व्हॉट्सॲपवर तीन दिवस आधीपासून मोहीम काढावी लागते. टर्फ घ्यायचं तर तासाचे पैसे, आणि पुणे-नाशिक हायवेच्या ट्रॅफिकमधून तिथे पोहोचेपर्यंत अर्धा तास संपलेला.

गेल्या दिवाळीला तो घरी गेला. जुन्या टीमबरोबर सरावाची मॅच होती. परत आल्यावर मी विचारलं, ‘‘काय रे, कशी झाली मॅच?’’ बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ‘‘ताई, पास पायावर यायलाता आन् चार फूट लांब उडायलाता. माझा पायच भिताड झालता बघ. कॅप्टननं वीस मिनिटांत बाहेर बसवलं. सीझनला ठेवतील का न्हाई, काय सांगता येत न्हाई.’’

त्यानंतर आठवडाभराने तो त्या कंपाउंड वॉलसमोर उभा राहिला. मी म्हटलं, एकट्याने कसला फुटबॉल? तर म्हणाला, ‘‘सगळ्यास्नी शिफ्ट हाय. भिताडाला शिफ्ट नसती.’’

पहिला टच म्हणजे काय रे भाऊ?

फुटबॉल फक्त रील्समध्ये बघणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मॅच नव्वद मिनिटांची असते, पण एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. बाकी वेळ पळणं, जागा शोधणं, बघणं. म्हणजे चेंडू येतो तेव्हा त्याचं काय होतं, यावर सगळं अवलंबून. आलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात हवा तिथे ठेवता आला तर पुढचं सगळं सोपं. तो चार फूट लांब उडाला तर समोरचा डिफेंडर तुमच्याआधी तिथे हजर. यालाच म्हणतात पहिला टच. कोचिंगमध्ये सगळ्यात जास्त उच्चारला जाणारा शब्द हाच असेल.

हा टच येतो फक्त आणि फक्त आवृत्तीने. त्यासाठी कुणीतरी तुमच्याकडे शेकडो वेळा चेंडू टाकायला हवा. ते ‘कुणीतरी’ नसेल तर त्याची जागा घेतो रिबाउंडर. रिबाउंडर म्हणजे चेंडू परत पाठवणारी कुठलीही गोष्ट. लोखंडी चौकटीत ताणून बसवलेली जाळी, तिरकी लावलेली फळी, किंवा सरळ भिंत.

हिशेब करून बघा. भिंतीपासून चार मीटरवर उभं राहिलात तर एक पास, परत येणं आणि थांबवणं यात साधारण दोन-अडीच सेकंद जातात. मिनिटाला पंचवीसच्या आसपास टच. मधली विश्रांती सोडून दहा मिनिटं खेळलात तर अडीचशे. मित्रांबरोबर तासभर ‘मॅच टाकली’ तर इतके टच मिळतील का, स्वतःच मोजा.

क्लब आले, क्लब गेले

‘एवढं मोठं शहर शेजारी असताना भिंतीशी का खेळायचं?’ असा प्रश्न मलाही पडला होता. मग मी जरा मागचं चाळलं. आपल्या बालेवाडीच्या स्टेडियमने किती क्लब बघितले माहितीये? पुणे एफसी २००९-१० पासून आय-लीगमध्ये खेळला, २०१२-१३ ला तर उपविजेता ठरला. भारत एफसी २०१४-१५ चा एकच सीझन खेळला. डीएसके शिवाजीयन्सने २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन सीझन काढले. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१४ ला आला, २०१८-१९ च्या सीझननंतर बंद झाला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद एफसी आला. चार क्लब, आणि आज चारपैकी एकही राष्ट्रीय लीगमध्ये नाही.

२०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाच्या मॅचेस बालेवाडीत झाल्या. चीन-जपान सेमीफायनल इथेच पेनल्टीवर गेली. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. म्हणजे मोठा फुटबॉल आपल्या दारापर्यंत येऊन गेलाय, मुलंही तयार झालीयेत. पण निगडी, भोसरी किंवा चाकणला राहणाऱ्या, कॉलेज किंवा नोकरी सांभाळून खेळणाऱ्या साध्या पोराला रोज पास द्यायला कोण आहे? क्लबचा मालक बदलतो, स्पॉन्सर जातो, टर्फचे रेट वाढतात. भिंत तिथेच असते.

बर्गकॅम्पची भिंत आणि ७२ चौकोनांची खोली

भिंतीशी खेळणं म्हणजे गरिबाचा जुगाड असं वाटत असेल, तर दोन गोष्टी सांगते.

पहिली नेदरलँड्सच्या डेनिस बर्गकॅम्पची. चेंडू कसाही येवो, पहिल्या टचमध्ये तो पायाशी झोपवणारा खेळाडू म्हणून आजही त्याचे व्हिडिओ दाखवले जातात. १९९८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला त्याने केलेला गोल शोधून बघा. दुरून आलेला लांब पास, पहिल्या टचला चेंडू खाली, दुसऱ्याला डिफेंडर बाजूला, तिसऱ्याला गोल. तीनही टच एकाच पायाचे. आपल्या आत्मचरित्रात त्याने लहानपणच्या भिंतीबद्दल लिहिलंय. ॲमस्टरडॅममध्ये घराजवळच्या भिंतीवर तासन् तास चेंडू मारायचा, कुठल्या विटेवर मारला की कसा परत येतो हे बघायचा, आणि हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसरी जर्मनीची. तिथे ‘फुटबोनॉट’ नावाचं यंत्र आहे. बोरुसिया डॉर्टमुंड क्लबने ते बसवल्यावर जगभर गाजलं. चौदा मीटर बाय चौदा मीटरची बंदिस्त जागा, चारी बाजूंना मिळून ७२ चौकोन. त्यातले आठ चौकोन तुमच्याकडे चेंडू फेकतात, उरलेल्या ६४ पैकी कुठला तरी एक उजळतो आणि चेंडू थांबवून तुम्ही नेमका तिथेच मारायचा. मारिओ गोट्झे डॉर्टमुंडला याच यंत्रावर सराव करायचा. २०१४ च्या विश्वचषक फायनलमध्ये, अर्जेंटिनाविरुद्ध ११३ व्या मिनिटाला त्याने क्रॉस छातीवर घेतला आणि चेंडू जमिनीवर पडायच्या आत डाव्या पायाने गोलमध्ये घातला. हा गोल यंत्रामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. पण त्या यंत्रातली मूळ कल्पना खराबवाडीच्या भिंतीपेक्षा फार वेगळी नाही: चेंडू येऊ दे, थांबव, बघ, पाठव. फरक आहे तो पैशांचा आणि दिव्यांचा.

भिंत खोटं बोलत नाही

भिंतीची एक गोष्ट मला सगळ्यात आवडली. मित्र वाईट पासही धावत जाऊन घेतो आणि ‘चालतंय’ म्हणतो. भिंत तुम्ही जे दिलं तेच परत देते. ज्या कोनात चेंडू लागतो, जवळपास त्याच कोनात पलीकडे जातो. त्यामुळे परत येणारा चेंडू म्हणजे तुमच्या पासचा रिपोर्टच.

चेंडू उडून परत आला? म्हणजे मारताना तुम्ही मागे झुकलात आणि पाय चेंडूच्या खाली लागला. सरळ मारला तरी बाजूला निघून गेला? टेकवलेला पाय बघा, त्याचा अंगठा भिंतीकडे नसणार. भिंतीपर्यंत जाऊन चेंडू मेल्यासारखा परत आला? घोटा सैल सोडलाय. गुडघा किंचित वाकलेला, घोटा घट्ट, टेकवलेला पाय चेंडूच्या शेजारी, आणि पायाची आतली सपाट बाजू चेंडूच्या मधोमध. एवढं जमलं की धप हा आवाजसुद्धा बदलतो, हे भावाने मला ऐकवून दाखवलं.

चेंडूतली हवाही बघा. मोठ्यांचा पाच नंबरचा बॉल, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. निम्मी हवा गेलेल्या बॉलने भिंतीवर सराव केलात तर मॅचच्या दिवशीचा बॉल दगडासारखा वाटेल.

मग करायचं काय?

भाऊ जे करतो, त्यातली सहा ड्रिल्स इथे सोप्या क्रमाने देते. प्रत्येक ड्रिल दोन मिनिटं, मध्ये एक मिनिट विश्रांती. सुरुवातीला पाच मिनिटं हलकं जॉगिंग आणि घोटे-गुडघे मोकळे करणं धरून वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटपतं.

१. दोन टच. चार मीटरवर उभे राहा. उजव्याने मारा, उजव्याने थांबवा. मग डाव्याने मारा, डाव्याने थांबवा. चेंडू पायाखाली दाबून मारून टाकायचा नाही. अर्धा फूट पुढे, थोडा तिरका, पुढचा पास लगेच देता येईल असा ठेवायचा.

२. एक टच. तीन मीटरवर या. न थांबवता परत मारा. पायांची बोटं जमिनीवर नाचती हवीत, टाचा टेकवून उभं राहिलात की चुकलात.

३. कच्चा पाय. ज्या पायाने खेळता येत नाही, फक्त तोच. कंटाळा येतो, रागही येतो. पण सगळ्यात जास्त फायदा याचाच.

४. अर्धं वळण. मागे दोन मीटरवर दोन चपला ठेवून दार करा. भिंतीवरून आलेला चेंडू अंग तिरकं ठेवून मागच्या पायावर घ्या आणि त्याच टचमध्ये वळून दारातून बाहेर काढा. मिडफिल्डच्या खेळाडूचं अर्धं आयुष्य यातच जातं.

५. मान वळवा. चेंडू भिंतीकडे गेला की परत येईपर्यंतच्या क्षणात खांद्यावरून मागे बघायचं. मागे मित्राला उभं करा, त्याने बोटं दाखवायची, तुम्ही आकडा ओरडायचा आणि मग चेंडू घ्यायचा. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्देत यांनी व्यावसायिक खेळाडूंचे व्हिडिओ तपासून हेच दाखवलं, की चेंडू येण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात त्यांचे पास जास्त वेळा बरोबर जातात.

६. हवेतला चेंडू. हाताने चेंडू भिंतीवर उंच फेका आणि मांडीवर, छातीवर किंवा पायाच्या वरच्या भागावर झेलून खाली आणा. डोक्याने मात्र सतत भिंतीवर मारत बसू नका. डोक्याला वारंवार बसणाऱ्या दणक्यांच्या काळजीने अमेरिकेत दहा वर्षांखालच्या मुलांना हेडिंगच बंद केलंय, इंग्लंडमध्येही लहान मुलांच्या सरावात त्यावर बंधनं आणलीत.

आणि एक महत्त्वाचं. एकच ड्रिल सलग शंभर वेळा केलं की ‘जमलं’ असं वाटतं. ते वाटणं फसवं असतं. १९७९ साली जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला. एका गटाने एकेक हालचाल सलग घोटली, दुसऱ्याने सगळ्या हालचाली उलटसुलट क्रमाने केल्या. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. काही दिवसांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा दुसरा गट पुढे निघाला. अगदी सबमिशनच्या आदल्या रात्री एकच चॅप्टर घोकणाऱ्यांसारखं आहे हे!

यावर भावाने काढलेली आयडिया नाद खुळा आहे. त्याने भिंतीवर खडूने सहा चौकोन काढून त्यांना आकडे दिले. लुडोचा फासा तीस वेळा टाकला आणि पडलेले आकडे तीन-तीन सेकंदांच्या अंतराने स्वतःच्या आवाजात मोबाइलमध्ये रेकॉर्ड केले. आता इअरफोनमध्ये आकडा ऐकायचा आणि पुढचा पास त्या चौकोनात. आठवड्याने आकडे पाठ झाले की नवं रेकॉर्डिंग. खराबवाडीचा फुटबोनॉट. खर्च शून्य.

माझे अठ्ठावीस दिवस

लिहायचं तर स्वतः करून बघावं म्हणून मीही चार आठवडे केलं. शाळेनंतर बॉलला पाय लावला नव्हता. पहिल्या दिवशी चार मीटरवरून, डाव्या पायाने, दोन टचमध्ये तीस सेकंदांत किती पास जातात ते मोजलं. आठ. त्यातले दोन स्कूटीखाली गेले.

पाचव्या दिवशी सोसायटीतल्या एका काकूंनी वरून हाक मारली. त्यांच्या बेडरूमची भिंत आणि माझी ‘प्रॅक्टिसची भिंत’ एकच होती आणि आत तान्हं बाळ झोपलेलं. चूक माझीच. धप हा आवाज खेळणाऱ्याला छान वाटतो, पलीकडे राहणाऱ्याला नाही. मग मी महापालिकेच्या एका मैदानाच्या कडेची भिंत शोधली आणि तिथल्या वॉचमनकाकांना विचारून सकाळी साडेसहाला जायला लागले. पहिल्या दिवशी तिथली क्रिकेटवाली मुलं हसली. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यातलाच एक जण बोटं दाखवायला मागे उभा राहिला. मुलींना मैदानावर ‘टीम आहे का तुमची?’ हा प्रश्न आधी विचारतात. भिंतीने तो विचारला नाही, हे मला फार बरं वाटलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी तीस सेकंदांत पंधरा. मी काही टीममध्ये जाणार नाहीये. पण डावा पाय माझाच आहे हे बावीस वर्षांनी कळलं.

दोन चुकाही सांगते. काँक्रीटवर पातळ सोलच्या चपलांत खेळले, तर तिसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून आल्या. बूट जाड सोलचे घ्या, स्टड्स काँक्रीटवर नकोत. आणि खरबरीत प्लास्टरच्या भिंतीवर नवा बॉल नेला, तर महिन्यात त्याची साल निघाली. जुना बॉल वापरा.

भिंत नसेल तर?

ऑनलाइन तयार रिबाउंडर मिळतात, छोटे काही हजारांत. पण आपण राहतो कुठे? एमआयडीसीत! इथे प्रत्येक दुसऱ्या गल्लीत वेल्डिंगवाला आणि फॅब्रिकेटर आहे. इंचभर चौकोनी ट्यूबची तीन बाय पाच फुटांची चौकट, मागे टेकू, आणि मध्ये नायलॉनची जाळी लवचिक दोरीने ताणून बांधायची. जाळी जितकी ताणाल तितका चेंडू जोरात परत येतो. चौकट थोडी मागे कलती केली की चेंडू हवेत येतो, सरळ ठेवली की जमिनीवरून.

त्याहून स्वस्त हवं असेल तर भंगारात मिळणारे लाकडी पॅलेट. दोन पॅलेट उभे करून पुढे जाड प्लायवूड स्क्रूने बसवायचं. खिळे वर आलेले नाहीत ना ते बघा, आणि मागे वाळूची पोती लावल्याशिवाय अजिबात खेळू नका, कारण पॅलेट अंगावर पडू शकतो. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णतेने कीडमुक्त केलंय. ‘एमबी’ असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. तो घेऊ नका.

भिंत काय शिकवत नाही

आता उलट बाजू. भिंत तुमच्यावर धावून येत नाही, शर्ट ओढत नाही, डाव्या बाजूला जाते असं दाखवून उजवीकडे जात नाही. पास कधी द्यायचा, कुणाला द्यायचा, कधी द्यायचाच नाही, हे भिंत सांगू शकत नाही. फक्त भिंतीवर खेळणारा माणूस भिंतीवर खेळण्यात पटाईत होतो. म्हणून आठवड्यातून एकदा का होईना, माणसं हवीतच.

दोनच जण असाल तरी चालतं. एकाने भिंतीवर मारायचं, दुसऱ्याने मध्ये येऊन अडवायचं. फुटबॉलमध्ये वन-टूला ‘वॉल पास’ म्हणतात. तुम्ही सोबत्याला पास देता, पुढे पळता, तो पहिल्या टचमध्येच परत देतो. म्हणजे त्या क्षणापुरता तो तुमची भिंत होतो. हे खऱ्या भिंतीबरोबर आधी शिकता येतं, माणसाबरोबर नंतर.

भावाच्या खोलीत नेमकं हेच झालं. वीस मिनिटांच्या धप-धपने झोप उडालेला नांदेडचा रूममेट आधी भांडायला खाली आला. मग बघत बसला. आता तो टायमर लावतो आणि बोटं दाखवतो. ओडिशाचा एक जण आहे, तो गावी हॉकी खेळलेला, त्याला चेंडू हिसकावून घेण्यात भारी मजा वाटते. घरमालकांनी ‘सकाळी आठच्या आधी नाही आणि गाडीला लागला तर भरपाई’ एवढ्या दोनच अटी घातल्यात.

आणि सीझनचं काय झालं? दोन आठवड्यांपूर्वी भाऊ सलग दोन सुट्ट्या जुळवून कोल्हापूरला गेला. सरावाच्या मॅचला कॅप्टनने शेवटची अर्धा तास उतरवलं. मी फोनवर विचारलं, पास लांब उडाले का? म्हणाला, ‘‘एकच उडाला. बाकी पायालाच.’’ मग गप्प झाला. संघात घेतलं का, हे मी विचारलं. ‘‘न्हाई. धावण्यात कमी पडतोय म्हणालं. दम लागाय लागलाय मला. त्ये भिताडाच्या हातात न्हाई की.’’

आवाजात मात्र दिवाळीनंतरचं ते गप्प होणं नव्हतं. या आठवड्यात त्याची फर्स्ट शिफ्ट आहे. म्हणजे संध्याकाळी पाचला बॉल भिंतीवर, आणि त्याआधी, त्याने नव्याने ठरवल्याप्रमाणे, बसने न येता शेवटचे तीन किलोमीटर पळत. नांदेडचा रूममेट सायकलवर मागे असतो. पाठीवर दोघांच्या डब्यांची सॅक घेऊन.